फ्यूजचं पांघरूण

तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही. सख्ख्या भावाला सांगितलं तर त्यानं ऐकता ऐकताच पायात चपला घातल्या. तरी सांगतो, कारण गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आणि मास्तर, तुमच्या चादरी वाळायला अजून वेळ आहे. तो ड्रायर घरघरतोय तोवर आपल्याला कुणी अडवणार नाही. मालकीणबाई पलीकडे इस्त्रीच्या टेबलापाशी आहेत, या आवाजात त्यांना आपलं अवाक्षर ऐकू जात नाही. म्हणून तर मी गोष्टी ड्रायर चालू असतानाच सांगतो. थांबा, जरा बूड टेकू द्या. स्टूल लाकडाचं, हाडं माझी; ही गादी आहे म्हणून निभतंय.

तर एक होते भाऊसाहेब. अशाच एका लाँड्रीतले. हीच नव्हे हो, अशीच.

भाऊसाहेब एका मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या सहीशिवाय तिथली टाचणी हलत नसे, असं ते स्वतः सांगत. निवृत्त झाल्यावर एकदा सहज डोकावायला गेले, तर टाचण्या पूर्वीपेक्षा जोरात हलत होत्या. ते त्यांच्या मनाला लागलं. घरी आले, तर घरात त्यांच्यासाठी एकही खातं रिकामं नव्हतं. स्वयंपाक बायकोचा, व्यवहार बायकोचा, आणि तळमजल्यावरची लाँड्री तर बायकोनं एकटीच्या हिमतीवर उभी केलेली. या बाईंना सगळी गल्ली वहिनी म्हणायची, तर आपणही वहिनीच म्हणू. वहिनींनी नवऱ्याला घड्या घालायला बसवलं. भाऊसाहेब प्रत्येक शर्टावर शेरा मारू लागले, "कॉलर बघा, माणूस आळशी दिसतोय." आणि तो माणूस काउंटरवर उभा असायचा. मग त्यांना इस्त्री दिली. त्यांनी एका पँटीला चार धारा काढल्या. म्हणाले, पर्याय असलेला बरा.

शेवटी वहिनींनी भिंतीकडे बोट दाखवलं. "ती विजेची पेटी आहे ना? ती आजपासून तुमची. तिच्याकडे बघत बसायचं. नुसतं बघायचं हं."

यातलं 'नुसतं' भाऊसाहेबांना ऐकूच आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेटीखाली पाटी लागली: 'विद्युत विभाग'. पाटीखाली खुर्ची आली, खुर्चीत भाऊसाहेब आले. कित्येक महिन्यांनी त्यांची मान ताठ झाली.

आता मास्तर, फ्यूज म्हणजे काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं पटेल. फ्यूज हा घरातल्या कर्त्या पुरुषासारखा असतो. सगळ्यांचा भार त्याच्या अंगावरून जातो. भार डोईजड झाला की बाकीच्यांना वाचवण्यासाठी तो आधी स्वतः जळतो. आणि जळल्यावर घरचे काय म्हणतात? "हाच मेला सारखा जातो!" भाऊसाहेबांना फ्यूजबद्दल जी माया वाटायची ती उगीच नव्हे.

त्याच सुमारास वहिनींना चौकातल्या मोठ्या हॉटेलचं काम आलं. सगळ्या खोल्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. महिनाभर काम बघू, पटलं तर वर्षाचं कंत्राट, असं ठरलं. त्यासाठी वहिनींनी भला थोरला ड्रायर आणला. वहिनींनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, "हे कंत्राट मिळालं तर लाँड्री तरली. नाही मिळालं तर मला दुकानाला कुलूप लावावं लागेल, आणि तुम्ही दिवसभर माझ्यासमोर घरात बसाल. दोघांनीही विचार करावा अशी वेळ आहे."

भाऊसाहेब म्हणाले, "विद्युत विभागाकडून काही कमी पडणार नाही."

आणि नेमका विद्युत विभागच पहिल्या आठवड्यात आडवा झाला. ड्रायर मध्येच गपगार. पेटीला हात लावला तर चटका. फ्यूज जळलेला. वायरमनला बोलावलं. हा वायरमन म्हणजे अंगानं आडवा, कमरेला पक्कड आणि तोंडात कायम "माझ्या अनुभवात" ही दोन अक्षरं. आता ती सात भरतात म्हणा, पण तो बोलायचाच तशी.

"माझ्या अनुभवात," वायरमन म्हणाला, "हे मशीन थरथरतं. थरथरीनं फ्यूजचे स्क्रू ढिले होतात. जोड ढिला झाला की तापतो. मधूनमधून मेन बंद करायचा आणि स्क्रू आवळायचे. मेन बंद करून हं, नाहीतर बाकीचं आवळायला मी येणार नाही, दुसरे लोक येतील. आणि ही कपड्यांची लव बघा, पेटीत कशी साठलीय. स्वच्छता ठेवा. लव आत जाऊ देऊ नका."

स्क्रू आवळले, फ्यूज नवा घातला, ड्रायर सुरू. इथं गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या माणसाची इथंच संपली असती.

पण "लव आत जाऊ देऊ नका" हे वाक्य भाऊसाहेबांनी काळजावर कोरून घेतलं. त्यांनी पेटीची पाहणी केली, तर काय, दोन्ही बाजूंना फटी! ओळीनं, मुद्दाम कापलेल्या! आतली गरम हवा बाहेर जावी म्हणून कारखान्यानं त्या ठेवल्या असतील, हा विचार त्यांच्या डोक्याला शिवला नाही. "काय निष्काळजी लोक आहेत," ते म्हणाले.

तुम्हाला भाऊसाहेबांच्या घरची शिस्त ठाऊक नाही, म्हणून सांगतो. त्या घरात उघडी वस्तू म्हणून नव्हती. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजला झालर, रिमोटला प्लॅस्टिक, त्या प्लॅस्टिकला रबर. सोफ्याला कव्हर आणि त्या कव्हराला कव्हर. वस्तू आयुष्यभर नवी राहायची आणि कुणाला दिसायची नाही. अशा माणसाच्या ताब्यात दोन्हीकडून उघडी पेटी आलेली! त्यांनी माळ्यावरून जुनी रजई काढली. सासूबाईंच्या हातची, निळी, तिच्यावर दोन हिरवे पोपट भरलेले. एका पोपटाचा डोळा उसवला होता, तिथं भाऊसाहेबांनी लाल बटण लावलं. रजई कापून, चार बाजूंनी शिवून, खाली नाड्या लावून त्यांनी पेटीला असं टंच कव्हर चढवलं की बाळंतिणीलासुद्धा एवढं पांघरूण मिळत नाही.

वहिनींनी येऊन बघितलं. "हे काय गोधडं बांधलंय?"

"धूळप्रतिबंधक आवरण."

"भर उन्हाळ्यात माणसाला रजईत गुंडाळलं तर काय होईल?"

"माणसाचं वेगळं," भाऊसाहेब म्हणाले. "आणि विभागाच्या कामात बाहेरच्यांनी लक्ष घालू नये."

झालं! त्या दिवसापासून फ्यूज जो तापू लागला तो विचारू नका. दुपारी ड्रायर ऐन भरात आला की ठप्प. हॉटेलच्या चादरी ओल्या. हॉटेलातल्या एका पाहुण्याला तर पहाटे स्वप्न पडलं म्हणे, की तो नदीत पडलाय, आणि उठून बघतो तर खरंच पोहतोय. हसू नका मास्तर, त्यानं तक्रार केली होती.

शेजाऱ्यांना कळल्यावर सल्ल्यांना काय तोटा! शेजारचा औषधवाला थर्मामीटर घेऊन आला. त्यानं तो पेटीच्या फटीत, म्हणजे कव्हराच्या नाडीखालून, सरकवला आणि मनगटावरच्या घड्याळात बघत उभा राहिला. पारा चढला, चढला, काचेच्या टोकाशी गेला, टोक फोडून बाहेर आला आणि काउंटरवरून घरंगळत रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये शिरला. औषधवाला गंभीर झाला. म्हणाला, "ताप डोक्यात गेलाय. पातळ आहार द्या."

सलूनवाला पारा परत द्यायला आला तो सल्ला घेऊनच. "भाऊसाहेब, सोप्पं आहे. फ्यूजमध्ये जाड तार घाला. बोटाएवढी. माझ्या साडूनं घातलीय. बापजन्मात जळत नाही."

हे ऐकून वायरमनला पहिल्यांदा खरा राग आला. "फ्यूज नाही जळणार. दुकान जळेल. मग तुमचा फ्यूज तेवढा शाबूत सापडेल, राखेत!" पुढं कळलं, सलूनवाल्यानं त्याच संध्याकाळी साडूकडे ठेवलेली आपली केस कापायची यंत्रं घरी आणून ठेवली.

पण खरी गंमत वायरमनचीच झाली. तो जेव्हा जेव्हा येई तेव्हा पेटी थंडगार. का? अहो, भाऊसाहेबांची घरची शिस्त! पाहुणा आला की कव्हर काढायचं. सोफ्याचं काढायचं, टीव्हीचं काढायचं, पाहुण्यापुढं वस्तू कशी झळकली पाहिजे. वायरमन दुपारी येणार म्हटलं की भाऊसाहेब सकाळीच रजईचं कव्हर सोडवायचे, वहिनींच्या नकळत धुवायला टाकायचे, आणि पेटी ओल्या फडक्यानं लखलखीत पुसायचे. वायरमन यायचा, स्क्रू तपासायचा, सगळे घट्ट. पेटीवर तळहात ठेवायचा. गार.

"माझ्या अनुभवात," तो शेवटी म्हणाला, "फ्यूजला काही झालेलं नाही. तुम्हाला भास होतात. रिटायर झाल्यावर होतात काहींना."

भाऊसाहेबांचा असा अपमान कचेरीत साहेबांनीसुद्धा केला नव्हता. वायरमन गेला, कव्हर वाळून पेटीवर चढलं, आणि तासाभरात पेटीवर पापड भाजता आला असता.

"फ्यूज वायरमनला घाबरतो," सलूनवाल्यानं निदान केलं. "चोर पोलिसाला घाबरतो तसा. वायरमनचं काहीतरी इथं टांगून ठेवा."

वायरमनचा खाकी शर्ट धुवायला आलेलाच होता. तो धुऊन ओलाच पेटीवर, कव्हराच्या वरून, खिळ्याला टांगला. आधीच रजई, त्यात वरून शर्ट! शर्ट पाच मिनिटांत वाळला, सहाव्या मिनिटाला त्याला आपोआप इस्त्री झाली. असा कडक झाला की वायरमननं घालताना बाहीत हात घातला तर कड्कन आवाज झाला. त्यानं हाताचा एक्स-रे काढला, शर्टाचा काढायला हवा होता.

या सगळ्यात खरं निदान एकटीला ठाऊक होतं. कुणाला? मांजरीला. गल्लीतली एक करडी मांजर कव्हर चढलं की पेटीवर येऊन झोपायची, पंजे पोटाशी घेऊन, डोळे मिटून. वायरमनच्या वेळी कव्हर उतरलं की ती नाराज होऊन निघून जायची. वहिनी म्हणाल्या, "ती कधी येते आणि कधी जाते तेवढं बघा हो."

"मांजरीच्या वेळापत्रकावर विभाग चालत नाही," भाऊसाहेब म्हणाले.

त्यांनी वरच्या पातळीवर जायचं ठरवलं. वरची पातळी म्हणजे वीज कचेरी. तिथं खिडकीत एक कारकून बसलेला. भाऊसाहेबांना वाटलं, आपल्याच जातकुळीचा माणूस, एका शब्दात काम होईल. विसरले, की आपल्या खिडकीत एका शब्दात कुणाचं काम झालं होतं ते.

"फ्यूज मीटरच्या अलीकडे की पलीकडे?" कारकुनानं विचारलं.

"तुम्ही कुठं उभे आहात त्यावर आहे," भाऊसाहेब म्हणाले. एकेकाळी हे उत्तर ते स्वतः देत असत.

"मी बसलोय," कारकून म्हणाला. "आणि तापतो म्हणता, त्याला पुरावा? गरम फ्यूज हजर करा."

भाऊसाहेब घरी आले. दुपारी ड्रायर रंगात आला, पेटी तापली, तसा त्यांनी मेन बंद केला, फडक्यात धरून फ्यूज उपसला, आणि धावत निघाले. कचेरीत पोचेपर्यंत फ्यूज गार. कारकून म्हणाला, "हा तर गार आहे." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी थर्मास काढला. ज्यात चहा नेतो तो. फ्यूज आत, बूच घट्ट, आणि वर स्वेटर गुंडाळलेला. खिडकीत थर्मास ठेवल्याबरोबर कारकुनाचा चेहरा प्रथमच माणसात आला. त्यानं लगबगीनं कप पुढं केला. भाऊसाहेबांनी थर्मास वाकडा केला. कपात टण्णकन फ्यूज पडला.

"साखर आहे का यात?" कारकुनानं विचारलं. सवयीनं.

मग त्यानं बोट लावून बघितलं, बोट तोंडात घातलं, आणि तोंडातूनच निर्णय दिला, "गरम आहे. पण मीटरच्या तुमच्याकडचा आहे. खासगी बाब."

भाऊसाहेब चालत घरी आले. वाटेत एकाही ओळखीच्या माणसाकडे त्यांनी बघितलं नाही. लाँड्रीत वहिनी हातानं चादरी पिळत होत्या, कारण ड्रायर बंद, कारण फ्यूज भाऊसाहेबांच्या थर्मासमध्ये. वहिनी नुसत्या म्हणाल्या, "उद्या महिना संपतो. हॉटेलचे मॅनेजर उत्तर सांगणार आहेत. उद्याचा एक दिवस त्या पेटीजवळ जाऊ नका. एवढं माझ्यासाठी करा." आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

बरं, उद्या उजाडलं. मॅनेजर संध्याकाळी यायचे होते, म्हणून भाऊसाहेबांनी मनाशी हिशेब केला की कव्हर दुपारी काढू. तोवर पेटीला लव लागायला नको. वहिनींची पाठ वळली, कव्हर चढलं, नाड्यांना दुहेरी गाठ बसली. मांजर आली, झोपली. हॉटेलच्या सगळ्या चादरी ड्रायरमध्ये गरागरा फिरायला लागल्या. आणि मॅनेजर सकाळीच दारात!

हा मॅनेजर किडकिडीत, पण नाक असं की त्या नाकावरच त्याला नोकरी मिळाली असावी. चादर हातात घेतली की आधी हुंगायचा. तो आत आला, उभा राहिला, नाक वर केलं.

"कसला वास येतोय?"

भाऊसाहेबांनी पेटीकडे बघितलं. मांजर उठून उभी होती. मांजर उठली म्हणजे, मास्तर, प्रकरण गेलंच.

आता नीट ऐका, इथंच लोकांचा विश्वास उडतो. कव्हरातून धूर निघाला. धुरातून ज्वाळा निघाली. ज्वाळा छताला लागली! मॅनेजर किंचाळला. वहिनी जागच्या जागी थिजल्या. औषधवाला बर्फ आणायला पळाला, सलूनवाला वस्तरा घेऊन आला, कशाला ते त्यालाही माहीत नव्हतं. सगळे हतबल. आणि अशा वेळी कोण पुढं झालं? भाऊसाहेब! एका उडीत काउंटर ओलांडलं. डाव्या हातानं मेन खाली ओढला, उजव्या हातानं पेटतं कव्हर, अहो नुसत्या हातानं, दुहेरी गाठीसकट टराटरा ओढलं, आणि त्या क्षणी त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कव्हर! फटी! कोंडलेली गरम हवा! जगातल्या भल्याभल्यांना न सुटलेलं निदान त्यांनी आगीत उभं राहून केलं. हातातलं कव्हर धडधडून जळत होतं. बघता बघता राख झाली. अशी राख, की एक धागा म्हणाल तर शिल्लक नाही. निळी रजई गेली, हिरवे पोपट गेले. लाल बटणाचा डोळा तेवढा एकदा त्यांच्याकडे वळून बघता झाला आणि तोही वितळला. भाऊसाहेबांनी ती चिमूटभर राख खिडकीतून वाऱ्यावर सोडली. मॅनेजरनं टोपी काढली. टोपी नव्हती, तरी काढली. "असा माणूस ज्या लाँड्रीत आहे," तो गदगदून म्हणाला, "तिला वर्षाचं कशाला, जन्माचं कंत्राट!" आणि त्या दिवसापासून ती पेटी कधी म्हणून कधी तापली नाही, कारण ते कव्हरच या पृथ्वीवर उर...

अरेच्चा. ड्रायर थांबला वाटतं. किती शांत वाटतं नाही एकदम? मास्तर, तुमच्या चादरी झाल्या बघा. घ्या काढून. असं वाकून काय बघताय?

"नाही, म्हटलं, राख झाली म्हणता, वाऱ्यावर सोडली म्हणता, मग काका, तुमच्या बुडाखालून हा पोपट लाल डोळा करून माझ्याकडे का बघतोय?"

"मास्तर, त्यांना उठवू नका हो!" इस्त्रीच्या टेबलामागून मालकीणबाईंचा आवाज आला. "ज्वाळा कसल्या आल्यात, नुसता करपट वास सुटला होता. मेन मी बंद केला, नाड्या मी कात्रीनं कापल्या, आणि हे थर्मास छातीशी धरून त्या कोपऱ्यात उभे होते. मॅनेजर म्हणाले, बाई, काम तुमचं चोख आहे, वर्षाचं कंत्राट देतो, पण एका अटीवर. हे गृहस्थ आणि हे कव्हर, दोन्ही पेटीपासून लांब पाहिजेत. मग मी त्यात कापूस भरला, स्टुलावर टाकलं आणि यांना वर बसवलं. बसूनच राहू द्या त्यांना. आत्ताच हॉटेलच्या चादरी टाकायच्यात."